तरती गोदी: आठ हजार टनांचं जहाज पाण्याबाहेर कसं येतं

जहाजाचा वरचा भाग रंगवायचा, ठोकायचा, वेल्डिंग करायचा तर ते धक्क्याला लावून करता येतं. खरी अडचण असते ती कायम पाण्यात बुडालेल्या भागाची. तिथे शेवाळ धरतं, कालवं आणि बार्नेकल (कवच असलेले छोटे समुद्री जीव) चिकटतात, पोलाद गंजतं, जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याभोवतीचं सील झिजतं, सुकाणू सैल होतं. पाणबुडे खाली जाऊन पाहणी करतात, थोडीफार सफाईही करतात. पण पत्रा कापून नवा बसवायचा किंवा पंख्याचा दांडा बाहेर ओढायचा, तर जहाज कोरडं करण्याला पर्याय नाही. शिवाय नियमही तसाच आहे. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार मालवाहू जहाजाच्या तळाची पाहणी पाच वर्षांत किमान दोनदा व्हावी लागते आणि दोन पाहण्यांमध्ये ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडून चालत नाही. आपल्याकडे जहाजांचं वर्गीकरण करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था पवईत आहे. अशा संस्थांचे सर्वेक्षक तळ डोळ्यांनी पाहतात, पत्र्याची जाडी मोजतात, आणि मगच जहाजाचं प्रमाणपत्र पुढे चालू राहतं.

जहाज कोरडं करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. सगळ्यांत जुना आणि भक्कम मार्ग म्हणजे किनाऱ्यात खोदलेली सुकी गोदी. जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पाणी उपसायचं. मुंबईत अठराव्या शतकापासून अशा गोद्या आहेत. इंदिरा गोदीतली ह्यूजेस ड्राय डॉक १९१४ सालची, हजार फूट लांब आणि शंभर फूट रुंद. नौदल गोदीत २०१९ मध्ये विमानवाहू नौकांसाठी २८१ मीटर लांबीची नवी सुकी गोदी सुरू झाली. लहान नौकांसाठी उतारावरून ओढून वर घ्यायची सोय असते, तिला स्लिपवे म्हणतात. तिसरा मार्ग शिपलिफ्ट. पाण्यात बुडवलेला मंच दोन्ही बाजूंच्या विंचनी (तारा गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रांनी) तारांवर उचलायचा, मग जहाज रुळांवरून जमिनीवर सरकवायचं. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये अशी सहा हजार टनांची शिपलिफ्ट आहे. आणि चौथा मार्ग, ज्याच्यासाठी हा लेख आहे, तो तरत्या गोदीचा. इथे जमीन लागत नाही, दरवाजा लागत नाही, तारा लागत नाहीत. गोदी स्वतःच बुडते, जहाज पोटात घेते आणि वर येते.

रचना

तरती गोदी समोरून पाहिली तर इंग्रजी यू अक्षरासारखी दिसते. खालचा रुंद, सपाट, आतून पोकळ भाग म्हणजे पॉन्टून. त्याच्या दोन्ही कडांवर उभ्या, लांबच लांब पोकळ भिंती. पुढची आणि मागची बाजू उघडी. पॉन्टून आणि भिंतींचा खालचा भाग आडव्याउभ्या पडद्यांनी अनेक टाक्यांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक टाकीला झडप असते, पाण्याची पातळी दाखवणारं मापक असतं, आणि ती पंपाच्या पाइपांना जोडलेली असते. भिंतींच्या वरच्या भागात पंपांच्या मोटरी, जनरेटर, वर्कशॉप आणि माथ्यावर क्रेन. तिथेच एका भिंतीवर नियंत्रण कक्ष असतो. डॉक मास्टर तिथे उभा राहून सगळ्या टाक्यांचे आकडे एकाच वेळी बघतो.

भिंतींमध्ये एका ठरावीक उंचीवर जलरोधक डेक असतो. चुकून सगळ्या टाक्या काठोकाठ भरल्या तरी या डेकच्या वरचा कोरडा भाग गोदीला तरंगत ठेवतो. या एका डेकमुळे गोदी मुद्दाम बुडवता येते आणि तरीही ती तळाला जात नाही.

आता हिशेब. भारतीय नौदलासाठी चेन्नईजवळ कट्टुपल्लीच्या गोदीत एफडीएन-२ ही तरती गोदी बांधली गेली आणि जून २०१७ मध्ये पाण्यात उतरली. लांबी १८५ मीटर, रुंदी ४० मीटर, आठ हजार टनांपर्यंतची नौका उचलायची क्षमता. १८५ गुणिले ४० म्हणजे ७,४०० चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रफळाचा तराफा पाण्यात एक मीटर खोल गेला, तर तो ७,४०० घनमीटर समुद्राचं पाणी बाजूला सारतो, म्हणजे ढोबळमानाने ७,६०० टन. आर्किमिडीजचा नियम शाळेत शिकलो तोच: जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढंच वजन पाणी वर ढकलतं. म्हणजे आठ हजार टनांची युद्धनौका पाठीवर घेतली, तर असा तराफा फक्त एक मीटरच्या आसपास जास्त दबतो. उरलेली खोली गोदीच्या स्वतःच्या वजनासाठी, क्रेनसाठी, टाक्यांच्या तळाशी पंपाला न निघणाऱ्या पाण्यासाठी आणि पॉन्टूनचा माथा पाण्यावर काही सेंटिमीटर तरी राहावा म्हणून.

ही उचल मिळवायची तर टाक्यांतलं पाणी बाहेर टाकावं लागतं. आठ हजार टन समुद्राचं पाणी म्हणजे साधारण ७८ लाख लिटर. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तसे सातशे ऐंशी टँकर. काही तासांत एवढं पाणी उपसायचं, तेही कुठल्या टाकीतून आधी आणि किती, हे धरून. गोदीचं सगळं कसब या शेवटच्या अटीत आहे. जहाज उचलायची ताकद समुद्र फुकट देतो. माणसाने फक्त पाणी कुठे ठेवायचं आणि कुठून काढायचं ते ठरवायचं असतं.

जहाज आत येण्याआधी

काम सुरू होतं कागदावर. प्रत्येक जहाजाचा डॉकिंग प्लॅन असतो. तळाचा आकार कसा आहे, आतले मजबूत पडदे आणि चौकटी कुठे आहेत, समुद्राचं पाणी आत घेणारी तोंडं कुठे आहेत, टाक्यांचे तळाचे प्लग कुठे आहेत, खोली मोजणाऱ्या यंत्राचा संवेदक कुठे बाहेर आलेला आहे, हे सगळं त्यावर मांडलेलं असतं. त्या नकाशावरून पॉन्टूनवर ब्लॉक रचले जातात. मधोमध एका रेषेत कील ब्लॉक, ज्यांच्यावर जहाजाचा कणा टेकणार. दोन्ही बाजूंना साइड ब्लॉक, जे जहाजाला कलंडू देणार नाहीत. ब्लॉक काँक्रीटचे किंवा पोलादाचे असतात, त्यावर कठीण लाकूड आणि सगळ्यांत वर मऊ लाकडाची टोपी. ती मऊ फळी मुद्दाम असते. जहाजाचा तळ कधीच आरशासारखा सपाट नसतो. जिथे उंचवटा असेल तिथे मऊ लाकूड थोडं चेपतं आणि वजन शेजारच्या ब्लॉकवरही वाटलं जातं. ब्लॉकची उंची साधारण दीड मीटरच्या आसपास ठेवतात, म्हणजे कामगाराला वाकून का होईना, तळाखाली शिरून काम करता येतं.

ब्लॉक पत्र्याच्या नुसत्या मोकळ्या भागाखाली येऊन चालत नाही. आतून चौकटीचा आधार नसेल तिथे हजारो टनांचं वजन पडलं की पत्रा आत दबतो. आणि ब्लॉक जिथे टेकतो, तिथे या खेपेला रंग लागत नाही. म्हणून चांगली गोदी मागच्या वेळी ब्लॉक कुठे होते याची नोंद मागते आणि या वेळी ते सरकवून रचते. नोंद हरवली तर तळाचे तेच तेच चौकोन वर्षानुवर्षं रंगाविना राहतात, आणि गंज पहिला तिथेच धरतो.

जहाजानेही तयारी करायची असते. माल उतरवलेला, टाक्या शक्य तितक्या रिकाम्या किंवा पूर्ण भरलेल्या, एका बाजूला कल नाही, पुढे-मागे फारसा फरक नाही. अर्धवट भरलेली टाकी सगळ्यांत वाईट. तिच्यातलं पाणी डुलतं आणि जहाजाचं स्थैर्य खातं.

बुडणं आणि वर येणं

झडपा उघडल्या की समुद्राचं पाणी टाक्यांत शिरतं आणि गोदी हळूहळू खाली जाते. पॉन्टून दिसेनासा होतो, ब्लॉक दिसेनासे होतात, पाण्यावर फक्त दोन समांतर भिंती उरतात. मग टग (जहाजं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या ताकदवान बोटी) जहाजाला तोंडाशी आणतात. भिंतींवरून दोरखंड दिले जातात आणि विंचनी जहाज आत ओढलं जातं. वारा किती आहे, ओहोटीचा ओढ किती, हे पाहूनच वेळ ठरलेली असते. जहाज आत आल्यावर ते बरोबर मधल्या रेषेवर आणि पुढे-मागे बरोबर खुणेवर आणणं हे नाजूक काम. पाण्याखालच्या ब्लॉकवर जहाज अर्धा मीटर सरकून बसलं, तर सगळा नकाशा वाया गेला. गरज पडली तर पाणबुडे खाली जाऊन खात्री करतात.

आता पंप चालू. गोदी वर सरकते आणि कणा ब्लॉकला टेकतो. बहुतेक जहाजं मागच्या बाजूला थोडी जास्त बुडालेली असतात, त्यामुळे आधी मागचं टोक टेकतं. टेकल्या क्षणापासून जहाजाचं थोडं वजन पाण्यावर आणि थोडं ब्लॉकवर असतं. तळातून असा वरचा रेटा मिळाला की जहाजाचं स्थैर्य घटतं. गुरुत्वमध्य वर सरकल्यासारखा परिणाम होतो. पूर्ण कणा टेकून साइड ब्लॉकचा आधार मिळेपर्यंतचा काळ त्यामुळे धोक्याचा. जमिनीतल्या सुक्या गोदीत तळ हलवता येत नाही. तरत्या गोदीला मात्र टाक्यांतलं पाणी कमीजास्त करून जहाजाच्या कलाइतकाच कल देता येतो, म्हणजे कणा जवळपास एकाच वेळी सगळीकडे टेकतो. माझ्या मते तरत्या गोदीचा हा सगळ्यांत मोठा गुण आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. अपघातात वाकलेलं, कललेलं जहाज उचलायचं असेल तेव्हा तर हा गुण सोन्यासारखा.

पुढे आणखी एक अवघड टप्पा येतो. तरंगणाऱ्या वस्तूचं कलंडण्याविरुद्धचं बळ मुख्यतः तिच्या पाण्याच्या पातळीवरच्या छेदावर, त्यातही रुंदीवर अवलंबून असतं. जहाज पाण्यात असताना त्याचा स्वतःचा छेद मदत करतो. पॉन्टूनचा माथा पाण्याबाहेर आला की त्याचा प्रचंड रुंद छेद मदतीला येतो. पण मध्ये काही वेळ असा असतो की जहाजाचा तळ पाण्याबाहेर निघालेला आहे आणि पॉन्टून अजून पाण्याखाली आहे. त्या वेळी पाण्याच्या पातळीवर फक्त दोन अरुंद भिंतींचा छेद असतो आणि सगळं वजन उंचावर बसलेलं. गोदीचं स्थैर्य इथे सगळ्यांत कमी असतं. ती किती वजन आणि किती उंचीचा गुरुत्वमध्य झेलू शकते याची मर्यादा याच टप्प्यावर ठरते. हा टप्पा ओलांडून पॉन्टूनच्या माथ्यावरून पाणी ओघळायला लागलं की नियंत्रण कक्षातली माणसं मोकळा श्वास घेतात.

जहाज वर आलं, पण हिशेब संपला नाही. गोदी लांब, जहाज आखूड, आणि वजन मध्यभागी एकवटलेलं. सगळ्या टाक्यांतून सारखंच पाणी काढलं तर दोन्ही टोकं जास्त वर उचलली जातात, मधला भाग दबतो आणि गोदी वाकते. म्हणून जिथे वजन आहे तिथल्या टाक्या जास्त रिकाम्या करायच्या आणि टोकांच्या टाक्यांत पाणी राखायचं. गोदी किती वाकते आहे हे मोजणारी साधनं भिंतींवर असतात आणि ठरलेल्या मर्यादेच्या जवळ आकडा गेला की पंप थांबवतात.

हे दुर्लक्षित झालं तर काय होतं, ते ८ ऑगस्ट १९४४ रोजी श्रीलंकेतल्या त्रिंकोमाली बंदरात दिसलं. ब्रिटिश नौदलाची व्हॅलियंट ही युद्धनौका तिथल्या तरत्या गोदीत उचलली जात होती. नौकेत दारूगोळा पूर्ण भरलेला होता आणि टाक्या रिकाम्या करण्याचा क्रम तिच्या वजनाच्या वाटपाशी जुळत नव्हता. गोदी प्रमाणाबाहेर वाकली, तिचा कणा मोडला आणि ती बुडाली. नौका वाचली, पण तिचे पंखे आणि सुकाणू जबर दुखावले. पाणी किती काढलं यापेक्षा कुठून काढलं, एवढ्यावरून एक प्रचंड गोदी गेली.

कोरड्या पॉन्टूनवर

एकदा जहाज कोरडं झालं की प्रत्येक दिवसाचं भाडं चालू होतं, शिवाय जहाज कमाई करत नाही ते वेगळंच. त्यामुळे पहिल्या तासापासून झुंबड असते. उच्च दाबाच्या पाण्याने तळ धुतात. शेवाळ निघतं, बार्नेकल खरवडून काढावे लागतात. मग गंजलेल्या भागांवर ब्लास्टिंग करून, म्हणजे जोराने खरखरीत कण मारून, उघडं पोलाद दिसेपर्यंत सफाई. जाडी मोजणारा माणूस अल्ट्रासाउंड यंत्र घेऊन पत्र्यावर ठिकठिकाणी खडूने आकडे लिहीत जातो. जिथे झीज मर्यादेपलीकडे आहे तिथला पत्रा कापून नवा जोडायचा. झिंकचे ठोकळे बदलायचे. हे ठोकळे स्वतः झिजून पोलादाला गंजण्यापासून वाचवतात. पाणी आत घेणाऱ्या प्रत्येक झडपेची उघडून दुरुस्ती, पंख्याला पॉलिश, सुकाणूच्या बेअरिंगमधली फट मोजणं, आणि वेळ आली असेल तर पंख्याचा दांडा बाहेर काढून तपासणं.

शेवटी रंग. गंजरोधक थरांवर सगळ्यात बाहेर शेवाळरोधक थर. पूर्वी या थरात कथिलाचं टीबीटी नावाचं संयुग वापरत. ते इतकं विषारी होतं की बंदरांतली कालवं आणि शंखगोगलगाई विकृत होऊ लागल्या. २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आहे. गोदीतला खरवडलेला कचरा समुद्रात जाऊ न देणं हीसुद्धा आता कामाची अट आहे. तरत्या गोदीत ती पाळायला जास्त जपावं लागतं, कारण पॉन्टूनची दोन्ही टोकं थेट पाण्यावर उघडी असतात.

एक बारीकशी गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. टाक्या पूर्ण रिकाम्या करायला तळाचे पितळी किंवा पोलादी प्लग काढतात. प्रत्येक प्लग कुठल्या टाकीचा, याची चिठ्ठी लावून तो जहाजाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतो, आणि तो परत बसल्यावर त्याची खूण यादीवर होते. मुठीत मावणारी वस्तू. ती बसली नाही, तर पाणी थेट टाकीत.

म्हणूनच परतीचा प्रवासही तितक्याच काळजीने होतो. गोदी बुडवायला सुरुवात होते, पाणी जहाजाच्या झडपांच्या वर येतं आणि तिथे थांबवतात. इंजिन रूममधली माणसं एकेक झडप, एकेक सील हाताने आणि टॉर्चने तपासतात. कुठे थेंब दिसला तर अजूनही गोदी वर घेता येते. सगळं कोरडं आहे असा निरोप आल्यावरच जहाज ब्लॉकवरून सुटू देतात. दुरुस्तीच्या काळात जहाजावरचं वजन इकडचं तिकडे झालं असेल तर ते सुटताना एका बाजूला कलू शकतं, त्यामुळे हलवलेल्या प्रत्येक वजनाची नोंद लागते. ५ डिसेंबर २०१६ ला मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस बेतवा ही नौका सुक्या गोदीतून बाहेर काढण्याच्या वेळी आडवी झाली आणि दोन नौसैनिकांचा जीव गेला. ती गोदी तरती नव्हती, पण ब्लॉकवरून पाण्यात येण्याचा क्षण कुठल्याही गोदीत किती गंभीर असतो, हे तिथे दिसलं.

तरत्या गोदीचा खास धोका वेगळाच: वीज. ऑक्टोबर २०१८ च्या शेवटी रशियात मुर्मान्स्कजवळ पीडी-५० ही गोदी बुडाली. ती सुमारे ३३० मीटर लांब, ऐंशी हजार टन उचलणारी, स्वीडनमध्ये बांधलेली. अॅडमिरल कुझनेत्सोव्ह ही विमानवाहू नौका बाहेर काढली जात असताना वीज गेली आणि गोदीवरचा ताबा सुटला. गोदीची एक क्रेन नौकेच्या डेकवर कोसळली. नौका तरली, गोदी तळाला गेली, आणि एवढी मोठी दुसरी तरती गोदी त्या भागात नसल्याने रशियाला नौकेच्या पुढच्या दुरुस्तीसाठी जमिनीतली गोदी वाढवून घ्यावी लागली.

कुठे उपयोगी, कुठे नाही

जिथे जमीन साथ देत नाही, तिथे तरती गोदी. बर्म्युडा बेटाचा खडक सच्छिद्र चुनखडीचा. खोदलेली गोदी गळत राहिली असती. म्हणून ब्रिटिशांनी इंग्लंडमध्ये लोखंडी गोदी बांधली आणि १८६९ मध्ये चार चिलखती युद्धनौकांनी पाळीपाळीने ओढत ती अटलांटिकपार नेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. दहा सुटे भाग, प्रत्येक सुमारे ७८ मीटर लांब, भिंती आडव्या पाडलेल्या, असे पॅसिफिकमधल्या एस्पिरितु सांतो आणि मानुससारख्या बेटांवर ओढून नेले आणि तिथे वेल्डिंगने जोडले. जोडलेली गोदी नव्वद हजार टन उचलायची. नौका दुरुस्तीसाठी हजारो मैल मागे हवाईला किंवा अमेरिकेला न्यायची गरज उरली नाही.

अंदमानातही कारण तेच. पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) चेन्नईपासून हजार किलोमीटरहून दूर, भूकंपप्रवण बेटं. नौदलाची पहिली तरती गोदी, जपानमध्ये बांधलेली एफडीएन-१, तिथेच ठेवली गेली. तिथे गस्त घालणाऱ्या नौकेला तळाच्या दुरुस्तीसाठी अख्खा बंगालचा उपसागर ओलांडावा लागू नये, हा हेतू.

मग पश्चिम किनाऱ्यावर अशा गोद्यांची रांग का नाही? मुरगाव बंदरात तरती गोदी वापरली गेली आहे. पण बहुतेक ठिकाणी आड येते ती खोली. पॉन्टूनची उंची पाच मीटर धरा, ब्लॉक दीड मीटर, जहाज सात मीटर, कणा आणि ब्लॉक यांच्यात अर्धा मीटर मोकळं, आणि पॉन्टूनखाली एक मीटर. झाले पंधरा मीटर, तेही भर ओहोटीला. कोकणातल्या खाड्यांत एवढी खोली निसर्गाने क्वचितच दिली आहे. खड्डा खणावा लागतो. आणि खणला की पावसाळ्यात नद्यांचा गाळ येऊन तो भरतो. मुंबई बंदरातही गाळाशी झगडा कायमचाच. खुल्या किनाऱ्यावर खोली मिळते, तर जून ते सप्टेंबरच्या लाटा गोदीला स्थिर राहू देत नाहीत. शांत पाणी आणि खोल पाणी एकाच जागी हवं, ही अट आपल्या किनाऱ्याला जड जाते. मला वाटतं, दोन-तीन हजार टनांच्या नौकांसाठीच्या छोट्या गोद्यांना इथे जास्त वाव आहे. प्रवासी बोटी, टग, किनारी मालवाहू नौका आणि गोव्यातल्या नद्यांवरच्या बार्ज कमी खोली मागतात, आणि त्यांच्या गोदीसाठी नऊ-दहा मीटरमध्ये भागतं.

खर्चाच्या हिशेबात एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच धरावी लागते. तरती गोदी स्वतःही पोलादाची आणि कायम खाऱ्या पाण्यात. तिच्या तळालाही गंज लागतो. पॉन्टूनचे सुटे भाग बोल्टने जोडलेले असतील, तर एकेक भाग सोडवून उरलेल्या गोदीवर उचलून दुरुस्त करता येतो. सलग बांधणीची गोदी जास्त मजबूत आणि हलकी असते, पण तिला स्वतःच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या, आणखी मोठ्या गोदीत जावं लागतं. बर्म्युडातल्या त्या जुन्या गोदीसाठी वेगळीच युक्ती होती: एका बाजूच्या टाक्या भरून तिला इतकी कलती करायची की दुसऱ्या बाजूचा तळ पाण्याबाहेर यावा, तो खरवडून रंगवायचा, आणि मग हेच दुसऱ्या बाजूने.